उठली नाई

मुलांनो, माझ्याबरोबर एक सकाळ डोळ्यांपुढं आणून पाहा. साल एकोणीसशे त्रेसष्ट, गाव अकोला, महिना चैत्राचा. वऱ्हाडातल्या मुलांना चैत्र काय असतो ते सांगायला नको. बाहेरच्यांनी एवढं धरून चालावं, की सकाळी सातलाच भिंतीला पाठ टेकवत नाही. मोर्णेच्या पात्रात पाण्यापेक्षा दगड जास्त आहेत, आणि काठावरच्या मळ्यांतल्या बायका भल्या पहाटे खुडलेली भाजी टोपल्यांत घालून रस्त्याच्या कडेनं बसल्या आहेत. आता त्या रस्त्यानं एक शाळामास्तरीण येत आहेत असं समजा. खांद्याला कापडी पिशवी, सकाळच्या शाळेची घाई, बोटांच्या पेरांत कालचा खडू. चारुशीलाबाई त्यांचं नाव. अकरा वर्षं त्या एकाच भाजीवालीकडून मेथी घेत आल्या, आणि अकरा वर्षं एकच प्रश्न विचारत आल्या: "काय मनकर्णाबाई, उठली नाही का अजून?" भाजी उठली म्हणजे विकून संपली, ही बाजारातली साधी बोली. मनकर्णाबाई रोज म्हणायची, "तुमच्यासाठी दाबून ठेवली नं, बाई," आणि जुडीवर चार काड्या कोथिंबीर जास्तीची टाकायची. दोन महिन्यांच्या खंडानंतर त्या दिवशीही बाईंनी विचारलं. आणि मनकर्णाबाईनं काय केलं असेल? टोपलीवरचं ओलं फडकं ओढलं आणि मेथी झाकून टाकली. वर पाहिलंसुद्धा नाही. "उठली नाई, तं नाई उठली," ती म्हणाली. "तुमाले चालते नं?"

अशा वेळी काय वाटतं ते तुम्हीच आठवून पाहा. कोणी मारलेलं नसतं, शिवी दिलेली नसते. पण पुढं चालताना आपला पाय आपल्याला जड लागतो.

चारुशीलाबाईंना आधी राग आला. तो त्यांच्या चांगल्या ओळखीचा झाला होता. गेले दोन महिने सकाळी वेणी घालताना तो यायचा आणि संध्याकाळी दिवा लावेपर्यंत घरात वावरायचा. नसेना का मेथी. मनकर्णाबाईचं मन कशानं विटलं आहे हे त्यांना माहीत होतं, निदान माहीत आहे असं त्या धरून चालल्या होत्या. तिचा देवमन माघात देवीच्या रोगानं गेला होता. तिसरीत होता तो, त्यांच्याच वर्गात. तेराच्या पाढ्यावर अडायचा आणि अडला की घाबरण्याऐवजी हसायचा. आणि देवमनला देवीची लस टोचलेली होती, हीच तर सगळी गोम होती. मागच्या चैत्रात चारुशीलाबाईंनी मळ्यातल्या प्रत्येक घराच्या ओट्यावर बसून, चहाला नको न म्हणता, त्रेचाळीस मुलं गोळा केली होती. फळ्यावर वाक्य लिहिलं होतं: ज्याला टोचलं त्याला देवी येत नाही. मुलांकडून ते दहा वेळा म्हणवून घेतलं होतं. मुलं ते घरी घेऊन गेली, जेवताना म्हणाली, भांडताना म्हणाली. आणि मग माघात देवी आली ती नेमकी टोचलेल्यांच्या घरी आली. बाई तेव्हा वरुडची संत्री घेऊन देवमनला पाहायला गेल्या होत्या. दाराला कडुनिंबाचा डहाळा, घरात फोडणी बंद. मनकर्णाबाई उंबऱ्यात आडवी उभी राहिली आणि अगदी हळू, कोणी झोपलेलं उठू नये अशा आवाजात म्हणाली, "माय आली हाय घरी. चपला घालून उभ्या राहू नका." माय म्हणजे देवी. आतून देवमननं विचारलं होतं, "बाई आल्या काय वं, माय?" संत्री उंबऱ्याबाहेर ठेवून बाई परत आल्या होत्या. चौथ्या दिवशी सगळं संपलं. त्या त्रेचाळिसांतली आणखी दोन मुलं गेली. तेव्हापासून मळ्यातल्या बायका त्यांच्याशी बोलायच्या, पण पाठमोऱ्या.

आणि आता सोमवारी नवी लस येणार होती. पुन्हा त्यांच्याच शाळेत, पुन्हा टोचणारा माणूस एकच, आणि तो एकच दिवस थांबणार. मंगळवारी त्याला मूर्तिजापूरकडे जायचं होतं. नदीपलीकडच्या फैलात, त्या वस्तीत, गेल्या आठवड्यात तीन घरांच्या दारांना डहाळे लागले होते. साथ नदी ओलांडायला कितीसा वेळ? वर्गात त्या दिवशी उरलेल्या चाळिसांपैकी सतरा मुलं होती. पहिल्या रांगेत पार्बता होती, देवमनची धाकटी बहीण, दुसरीतली. शाळेत दोन इयत्ता एका खोलीत बसायच्या. ज्या पट्टीवर देवमन बसायचा तिच्या टोकाला ती बसे, आणि मधली जागा कोणाला घेऊ देत नसे. हिलाही मागच्या वर्षी टोचलं होतं, त्याच दिवशी, त्याच रांगेत. बाईंनी फळ्यावर लिहिलं, 'सोमवारी लस. सर्वांनी यावे.' मग मागचं ते वाक्य लिहायला हात उचलला, आणि लिहिता येईना. खडू फळ्याला टेकलेला राहिला. तुमाले चालते नं? कशाला चालतं? मेथीला? अकरा वर्षं या बायकांसाठी आपण काय केलं नाही? विहिरीत औषध टाकू देत नव्हत्या, तेव्हा विहिरीच्या काठावर उभं राहून पहिला पेला आपण प्यायलो. मुलींना चौथीपर्यंत तरी ठेवा म्हणून पदर पसरला. आणि यांना शेवटी आठवतं काय, तर एक चूक. तीही आपली नाही. लस काय आपण घरी कुटली होती?

मधल्या सुट्टीत शाळेच्या भिंतीपलीकडं नळावर बायकांचं चाललं होतं. बाई खिडकीशी उभ्या होत्या. ऐकायचं नाही असं ठरवून ऐकत होत्या. "मांगच्या वर्षीची लस वली होती म्हनते. आता वायली आनून राहिले." "वायली? लस हाय का पापड हाय थो?" "दम धर, पुढच्या वर्षी तयून आनतीन." त्यावर हशा पिकला. मग एक म्हातारा आवाज म्हणाला, "माय गावात असली की तयत नसतात, पोरींनो. तोंडं आवरा." हशा थांबला. कोणीतरी भांडं आपटलं. "बाईले काय होते? तिच्या घरचं कोन गेलं?" हे कोण बोललं ते त्यांना कळलं नाही आणि वाकून पाहावंसंही वाटलं नाही.

शाळा सुटायच्या वेळी शालिकरामजी आले. लस टोचणारे. वस्तीत त्यांना देवीचे डॉक्टर म्हणत, आणि ते कोणाची चूक दुरुस्त करत नसत. पन्नाशीचे, धोतर, डोक्यावर पांढरी टोपी, सायकलच्या दांडीला अडकवलेली पेटी. सोमवारची जागा आधी पाहून ठेवायला आले होते. वर्गात आल्या आल्या त्यांनी दारं मोजली. "दोन. एक तं बंदच असते, नाई का? मंग झालं. दुसऱ्याले आतून कडी लावून घ्या. पन्नास पोरं म्हनजे दीड तासाचं काम."

"आयांना न विचारता?"

"इचारलं तं झालं, बाई! मले बावीस वर्सं झाली. अचलपुरात एका मायनं माह्यावर मुसळ उगारलं होतं. मी तिच्या पोराले टोचून पयालो, ती मांगून पयाली. आज थो पोरगा फौजेत हाय. मुसळ इसरली, पोरगा जित्ता हाय." त्यांनी पेटी उघडून काचेची बारीकशी कुपी दाखवली. तळाशी चिमूटभर पांढरं काहीतरी. "रशियातून आली. हिले बरफ नाई लागत. उन्हात ठेवा, काई होत नाई. पानी घातलं की जिवंत होते."

"आणि मागच्या वर्षीची?"

शालिकरामजींनी कुपी पुन्हा कापसात ठेवली, फार काळजीनं. "थे मेली होती," ते म्हणाले. "बरफ मिळाला नाई. ओल्या फडक्यात गुंडाळून आनली होती मी, पन बाई, अकोल्याचं ऊन हे. मेली असन हे मले वाटलं होतं. पन आठव्या दिवशी पाहाचं असते नं. टोचल्यावर आठव्या दिवशी दंडावर फोड उठला, की लस लागली. कोरा राहिला म्हनजे मेली, पुन्हा टोचाचं. मी येनारच होतो पाहाले. मले मोर्शीले पाठवलं." पेटी मिटत ते म्हणाले, "तुमच्याकडून कोनी काई कळवलं नाई. मी समजलो, उठली असन."

ते गेल्यावर बाईंनी वर्गाला कुलूप लावलं आणि मग आठवलं, की पिशवी आत राहिली. पुन्हा उघडलं. रिकाम्या पट्ट्यांकडं पाहत त्या उभ्या राहिल्या. कोरा. आपण तेव्हा काय पाहिलं होतं?

रविवारी त्या अमरावतीला गेल्या, माहेरी. जायचं काही ठरलेलं नव्हतं. घरात बसवेना, म्हणून सकाळची एसटी धरली. खिडकीच्या काचा तापलेल्या, धूळ दातांत. मूर्तिजापूरच्या पुढं रस्त्यालगत सगळी रानं नांगरून मोकळी पडलेली, काळीभोर, भेगाळलेली. त्या भेगांकडं पाहता पाहता देवमन समोर आला. माघातला नाही, मागच्या चैत्रातला, शाळेच्या शेवटच्या आठवड्यातला. सदऱ्याची बाही खांद्यापर्यंत गुंडाळून टेबलाशी उभा. "बाई, पाहा! माह्या हाताले काईच नाई झालं!" त्याच्यामागं आणखी मुलं आली होती, बाह्या वर करून. गुळगुळीत, सावळे, उन्हानं चमकणारे दंड. कुठं एक ओरखडासुद्धा नाही. कोणी रडलं नव्हतं, कोणाला ताप नव्हता, कोणी घरी राहिलं नव्हतं. आणि चारुशीलाबाईंना किती बरं वाटलं होतं! आयांना त्यांनी सांगितलं होतं ना, की काही होत नाही, मुंगी चावल्यासारखं होतं? मुंगीनंसुद्धा लाज राखली होती. "शाब्बास," त्या म्हणाल्या होत्या. "याला म्हणतात शूर मुलगा." आणि वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या होत्या. कोऱ्या दंडाला टाळ्या! एसटीत त्यांनी डोळे मिटून घेतले. टाळ्या थांबेनात. त्रेचाळीस मुलं, शहाऐंशी हात. शेजारच्या बाईनं विचारलं, "गरगरते का हो? लिंबू देऊ?" त्यांनी लिंबू घेतलं आणि हातात तसंच धरून ठेवलं.

वडील, बापूसाहेब, ओसरीवर आरामखुर्चीत. वकिली सोडून सहा वर्षं झाली, तरी समोरचा माणूस अशील असल्यासारखंच ऐकायचे. डोळे मिटून, बोटांची टोकं एकमेकांना लावून. सगळं ऐकल्यावर म्हणाले, "लस तू केलीस?"

"नाही."

"तू टोचलीस?"

"नाही हो."

"मग तुझा संबंध काय? लस बिघडली, त्या माणसाची बदली झाली, तू मास्तरीण. केस उभीच राहत नाही." मग एक डोळा उघडून: "आणि उद्याचं म्हणशील तर टोचायचा कायदा इंग्रजांच्या वेळेपासून आहे. आईची परवानगी लागत नाही. दार लाव आणि मोकळी हो. तू मात्र अकोल्यात राहून पार मळ्यातली झालीस बघ, चारू. भाजीवालीनं मेथी दिली नाही म्हणून माहेरी येतेस?"

ते हसले. बाईही हसल्या. हेच ऐकायला तर त्या आल्या होत्या, साठ मैल धूळ खात. संबंध काय. केस उभी राहत नाही. वडिलांचं म्हणणं चुकीचं नव्हतं आणि म्हणूनच त्यांना त्याचा संताप येत होता. त्यांना वाटलं, कोणीतरी म्हणावं की तुझं चुकलं. चूक कुठं आहे ते बोट ठेवून दाखवावं, जसं आपण मुलांच्या वहीत लाल शाईनं दाखवतो, म्हणजे ती खोडता तरी येईल. मुलांच्या चुका आपण किती सहज शोधतो. स्वतःची वही मात्र सगळीकडं स्वच्छ दिसते.

परतीच्या एसटीत ऊन उतरलं होतं. बडनेऱ्याला गाडी बराच वेळ थांबली. एक म्हातारी खाली कलिंगडं विकत होती आणि तिला कोणीतरी विचारलं, "काय आजी, माल उठला नाई का अजून?" आणि तेव्हा, काही विचार करायच्या आधीच, चारुशीलाबाईंना ते आठवलं. काही शोधावं लागलं नाही. ते तिथंच होतं, वर्षभर, उघड्यावर पडलेल्या वस्तूसारखं. मागच्या वर्षी शाळेचा शेवटचा दिवस. निकाल वाटून झालेला. त्यांच्या हातात ट्रंक, फाटकाबाहेर टांगा, आणि पावणेबाराची गाडी. मनकर्णाबाई फाटकाशी उभी होती, डोक्यावर रिकामी टोपली, हाताशी देवमन. "बाई, याची उठली नाई," ती म्हणाली होती. "चालते का?" आणि त्यांना वाटलं होतं, आग उठली नाही, सूज उठली नाही, तक्रार नाही, उलट आनंदाची बातमी. किंवा तसं काहीच वाटलं नसेल. टांगेवाला हाका मारत होता. "चालतं की," त्या टांग्यात चढता चढता म्हणाल्या होत्या. "उलट चांगलंच आहे." मनकर्णाबाईनं मान हलवली होती. तिला माहीत होतं. मळ्यातल्या त्या बाईला, जिला सही येत नव्हती, तिला हे माहीत होतं, की लस उठावी लागते. ती शंका घेऊन शिकलेल्या माणसाकडं आली होती. तिनं बरोबर प्रश्न बरोबर वेळी विचारला होता, आणि उत्तर चुकीचं मिळालं होतं. आणि गेले दोन महिने आपण म्हणत होतो, या अडाणी बायका.

सकाळी घेतलेलं लिंबू पिशवीत तसंच होतं. ते काढून त्यांनी खिडकीबाहेर फेकून दिलं, इतक्या जोरानं, की पुढच्या बाकावरचा माणूस वळून पाहू लागला.

सोमवारी एकवीस मुलं आली. आणि मुलांपेक्षा जास्त आया आल्या. शाळेच्या आवारात, भिंतीच्या सावलीत, कोणी उभ्या, कोणी उकिडव्या. पोरांना आत पाठवलं होतं ते हजेरीपुरतं. टोचायला पेटी उघडली की हाक मारायची आणि पोरं बाहेर काढायची, असं त्यांचं ठरलं होतं. ते त्यांच्या बसण्यातच दिसत होतं. शालिकरामजींनी टेबलावर फडकं अंथरलं, स्पिरिटचा दिवा लावला. कुपीत थेंब थेंब पाणी सोडून ती बोटांत फिरवली. मग दाताळी चकती असलेली टोचायची फिरकी दिव्यावर धरली. "बाई," ते हळूच म्हणाले, "लावा कडी. आत्ताच. एकदा हाका सुरू झाल्या की काई खरं नाई."

चारुशीलाबाई दाराशी गेल्या. कडी लोखंडी होती, तापलेली. ओढली असती तर एका हातानं बसली असती. तासाभराचं काम. बाहेर आरडाओरड झाली असती, दारावर थापा पडल्या असत्या, आणि संध्याकाळी एकवीस मुलं वाचलेली असती. कायदा त्यांच्या बाजूनं होता. शालिकरामजींचा फौजेतला पोरगा त्यांच्या बाजूनं होता. आणि उरलेली एकोणीस, जी घरीच ठेवली होती? आणि पुढच्या वर्षीची, त्याच्या पुढच्या वर्षीची? पुन्हा या शाळेच्या दारात पाऊल टाकायला कोण धजेल? त्यांना एकाएकी खूप थकवा आला. त्यांनी कडी सोडली. मग दाराची दोन्ही फळकुटं बाहेर ढकलून भिंतीला टेकवली आणि उंबऱ्यावर उभ्या राहिल्या.

"मला एक सांगायचंय," त्या म्हणाल्या. आवाज वर्गात बोलतात तसा निघाला, आणि त्याचीच त्यांना चीड आली. "मागच्या वर्षी मनकर्णाबाईनं मला विचारलं होतं. देवमनची उठली नाही, चालते का म्हणून. मी म्हणाले, चालतं. ते चालत नव्हतं. मला माहीत नव्हतं. आणि माहीत नाही असंही मी म्हणाले नाही."

मनकर्णाबाई फाटकाजवळ उभी होती, टोपली खाली ठेवून.

"मागली लस मेली होती," बाई पुढं म्हणाल्या.

"मेली होती, तं टोचली कावून?" मागून कोणीतरी विचारलं. आत शालिकरामजी दिव्याची वात खालीवर करू लागले.

"आनं हे जित्ती हाय हे कसं समजाचं?"

"आठव्या दिवशी समजेल. दंडावर फोड उठेल. हात सुजेल, ताप येईल, पोरं रडतील. मी मागं मुंगीचं सांगितलं होतं ते खोटं. खपली पडली की वण राहतो, जन्मभर. वण राहिला तर लस लागली. आणि कोणाचा दंड कोरा राहिला, तर मला येऊन सांगा. मी यांना असतील तिथून घेऊन येईन. सुट्टीत मी कुठं जाणार नाही."

"आता सांगून राहिल्या," मनकर्णाबाई म्हणाली. मोठ्यानं नाही. "माघात सांगाचं होतं."

"माघात मला आठवलं नव्हतं."

"मले आठोत होतं," ती म्हणाली. "तुमी संत्री घेऊन आल्या, तवाबी आठोत होतं. म्हनलं, आता म्हनतीन. आता म्हनतीन." तिनं पदराचं टोक तोंडाशी नेलं आणि तसंच सोडून दिलं. "मंग म्हनलं, शिकेल मान्साले कोन इचारते."

चारुशीलाबाईंना वाटलं होतं, हे एकदा बोललं की काहीतरी हलेल. छातीवरचं उतरेल, नाहीतर समोरचं वितळेल. काहीच झालं नाही. ऊन तेवढंच होतं. बायका तेवढ्याच लांब होत्या. एकीनं आपल्या पोराला नावानं हाक मारली, "चंद्रभान, चाल रे घरी," आणि चंद्रभान पाटी काखेत मारून बाईंच्या बाजूनं, त्यांना अंग न लागू देता, बाहेर गेला. मग आणखी एक. मग दोन भावंडं. शालिकरामजी पुटपुटले, "म्या म्हनलंच होतं. खरं सांगून कोनी पोरं टोचत असते काय, बाई?"

"बाई," पहिल्या रांगेतून पार्बतानं विचारलं, "लय दुखते?"

बाई वळल्या. सवयीनं ओठांवर 'नाही गं' आलं होतं. "हो," त्या म्हणाल्या. "दुखतं. दोन-तीन दिवस चांगलंच दुखतं."

पार्बता उठली. झगा झटकला. बाईंच्या शेजारून ती बाहेर गेली, तेव्हा बाईंनी तिला थांबवलं नाही. त्यांनी फक्त दाराची चौकट धरली. मनकर्णाबाईनं टोपली उचलायला हात खाली घातला, कारण पोरगी आपल्याकडंच येत आहे, आता घरी जायचं. पण पार्बतानं आईचा तो हातच धरला आणि चोळीची बाही खांद्यापर्यंत वर सारली. दंडावर चार वण होते, जुने, पातळ पडलेले, पावलीएवढे. तिनं एकेकावर बोट ठेवलं. "काय करून राहिली वं पोट्टे?" आई म्हणाली, पण हात ओढून घेतला नाही. पार्बता शेजारच्या बाईकडं गेली. तिचीही बाही वर केली. तिथंही चार होते. बायका एकमेकींकडं पाहू लागल्या. एक हसली आणि तिनं आपण होऊन बाही वर केली. मग पार्बता माणिकबाईशी आली. वस्तीत सगळ्यांत म्हातारी हीच. नळावर तळण्यावरून पोरींना दटावणारी. भिंतीला टेकून बसली होती, एक डोळा कायमचा मिटलेला. तिच्या सुरकुतलेल्या दंडावर काहीच नव्हतं. पार्बतानं दुसरा दंड पाहिला. तोही कोरा. मग तिनं माणिकबाईच्या तोंडाकडं पाहिलं, गालावर, कपाळावर, मिटल्या डोळ्याच्या पापणीवरसुद्धा दाटीनं पडलेल्या खोल खळ्यांकडं, आणि बराच वेळ पाहत राहिली. म्हातारीनं तिला पाहू दिलं.

मग ती वळली आणि उघड्या दारातून परत आत आली. मनकर्णाबाईनं तिला हाक मारली नाही. शालिकरामजींपुढं उभं राहून पार्बतानं बाही वर केली. त्यांनी दंड धरायला हात पुढं केला, तशी तिनं तो झटकन मागं घेतला, टेबलावरच्या कुपीकडं बोट दाखवलं, आणि त्यांना विचारलं, "हे जित्ती हाय नं?"